सोफा-कम-बेडच्या जाहिरातीत मोरिवली लंगडली, त्याची हकीकत

मोरिवली, अंबरनाथ
शिमगा होऊन गेल्यावरचा रविवार, १९९६

तीर्थरूप म्हणावं तर तू वयानं लहान, चिरंजीव म्हणावं तर तुझ्या मिशा माझ्यापेक्षा भरघोस, म्हणून मधला मार्ग काढून राजमान्य राजेश्री अनंतराव यांस भगवंताचा सप्रेम नमस्कार. (अनंतराव वाचून मागे वळून बघू नकोस, तुलाच लिहितो आहे. तुझ्या बहिणीशी लग्न लागल्यापासून मी तुला अन्या म्हणत आलो हे खरं, पण ज्याच्या बेंजो पार्टीला बदलापूरपासून कर्जतपर्यंत हळदीच्या सुपाऱ्या येतात त्याला माणसानं कधीतरी राव म्हणावं, असं सगुणा दोन दिवस माझ्या कानीकपाळी ओरडते आहे.) तुझ्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? कुमुदिनीचा खोकला थांबला का? अडुळशाचा काढा ती घेतच असेल, पण त्यात मध घालायला सांग, नुसता काढा घशाखाली उतरत नाही. चामटोलीला यंदा वाल कसा आला? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वास्तविक खुशाल कोणीही नाही.

तुझा निरोप दूधवाल्याकडून पोचला. मोरिवलीत कसली साथ आली आहे, दाजींना म्हणावं बहिणीला आणि भाचीला घेऊन चामटोलीला निघून या, आणि तोवर पाणी उकळून प्या. हा निरोप त्यानं आमच्या दारात, पातेल्यात दूध ओतता ओतता, शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला, आणि जाताना माझ्या पायांकडे असा बघत गेला की मी आत जाऊन लेंगा वर करून दोन्ही पाय तपासले. अनंतराव, साथबीथ काही नाही. तू बदलापुरात कुणाच्या तरी घरी केबलवर जे पाहिलंस, ज्यात सगळी मोरिवली, म्हातारी ठमाबाई धरून, एका पायानं लंगडत रस्त्यावरून गोल फिरते आहे आणि मागे वायलिन रडतं आहे, ती जाहिरात होती. सोफा-कम-बेडची. हे वाक्य मी लिहून दोनदा वाचून पाहिलं, पण खरं ते खरं.

पहिल्यापासून सांगतो. (मला धक्का बसला की मी पहिल्यापासून सांगतो, मग समोरच्याला ते ठाऊक असो वा नसो. तुझ्या बहिणीनं याची सवय करून घेतली आहे, तूही घे.) आमची बकुळा दीड वर्षाची असताना तिला ताप भरला आणि डावा पाय त्यात गेला, तेव्हापासून त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्याकडे येऊन ती बेंजो शिकली, तूच शिकवलास, आणि आता ती तुझ्याहून चांगला वाजवते. हे तूच कुमुदिनीजवळ बोललास आणि कुमुदिनीनं सगुणाला सांगितलं, तेव्हा आता नाही म्हणू नकोस. तिला एकच हवं होतं, तुझ्या पार्टीत बसून चारचौघांसमोर वाजवायचं. दिवाळीत तू तिला समोर बसवून समजावलंस, की पोरी, घरात हवं तेवढं वाजव, पण हळदीच्या मांडवात नको. लोकांची नजर पायावर जाईल, जीव हळवा होईल, आणि हळवा झालेला माणूस नाचत नाही, आणि माणसं नाचली नाहीत तर बेंजो पार्टी बोलवायची कशाला. तू हे प्रेमानं बोललास याबद्दल मला शंका नाही. पण प्रेमानं मारलेलंही लागतंच. घरी आल्यावर पोर रडली नाही, बेंजोवर एक टॉवेल टाकला आणि आठवडाभर त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही.

आठवड्यानं टॉवेल काढला तो भलत्याच कामासाठी. ज्याला स्वतःला चालताना त्रास, त्याचं लक्ष दुसऱ्याच्या चालण्याकडे फार. ही ओटीवर बसून आळीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांचं चालणं बेंजोवर वाजवायला लागली. समोरच्या घरातला जनू शाळेत तिला लंगडी म्हणाला होता. जनू चालतो तेव्हा आधी पोट येतं, मग जनू येतो, आणि चपला मागून फरफटत येतात. हे सगळं हिनं असं हुबेहूब बसवलं की जनू दाराबाहेर पडला की हिचा बेंजो सुरू, आणि आळीतल्या बायका मान वर न करता म्हणायच्या, जनू दुकानात निघाला. शेवटी जनूनं मागच्या दारानं जायला सुरुवात केली, आणि मागे आमच्याकडे गटार आहे हे तुला माहीत आहे. मग तिच्या वर्गातल्या दोघी, मग त्यांच्या चुगल्या ऐकणाऱ्या बाई, मग रेशन दुकानाचा माणूस. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आळीत तिला लंगडी म्हणणारा माणूस औषधालासुद्धा उरला नाही. आपण पोर सालस आणि गरीब स्वभावाची वाढवली अशा समजुतीत मी इतकी वर्षं होतो, तेव्हा मला हे कळल्यावर माझी काय अवस्था झाली असेल याची कल्पना कर. (माझंही चालणं बसवलं आहे. ते ऐकून तुझी बहीण भाकरी थापायची थांबून हसली. मी ते पुन्हा वाजवू दिलेलं नाही.)

आता शेठ. आमच्या शेजारचा सुदाम तुला आठवत असेल, आंबेडकर जयंतीला ज्याची गायन पार्टी असते तो. तो उल्हासनगरला हशमतराय शेठच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करतो. शेठच्या दुकानासमोरच्या दुकानदारानं केबलवर जाहिरात दिली होती, तीत एक बाई पदर उडवत लोखंडी कपाटाभोवती फिरत होती. हशमतराय शेठना ते झोंबलं. त्यांनी ठरवलं की आपली जाहिरात अशी झाली पाहिजे की बघणाऱ्याला जेवण जाऊ नये. "भगवंत भाई, पब्लिक को रोना चाहिए," त्यांनी आमच्या घरी येऊन, माझ्याच खुर्चीत बसून मला सांगितलं, "हंसने वाला भूल जाता है. रोने वाला याद रखता है." सुदामनं कारखान्यात सहज बकुळाचं कौतुक केलं होतं, की आमच्या शेजारची पोरगी पायानं अधू आहे पण बेंजो काय वाजवते. त्या बिचाऱ्यानं कौतुक केलं ते बेंजोचं, शेठनी ऐकलं ते पायाचं.

शेठबरोबर त्यांचा भाचा प्रीतम आला होता. तो लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी काढतो, पण त्या दिवशी गळ्यात रुमाल बांधून डायरेक्टर झाला होता. त्यानं गोष्ट सांगितली. एक गरीब अपंग मुलगी असते. सगळी मुलं तिला चिडवतात, ढकलतात, तिचा डबा लाथाडतात. ती धुळीत बसून रडते. मग तिला कुठूनतरी बेंजो मिळतो, ती वाजवते, आणि तिच्या वाजवण्यात इतकं दुःख असतं की चिडवणारी मुलं माना खाली घालून रडतात, गाव रडतं, म्हाताऱ्या रडतात. हे सांगताना प्रीतम स्वतःच रडला, सगुणानं त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी विचारलं, यात सोफा कुठे आहे? मामा-भाच्यांनी एकमेकांकडे बघितलं, मी काहीतरी अडाण्यासारखं विचारल्यासारखं. सोफा शेवटी येतो, ते म्हणाले. ती जिंकते, थकते, घरी येते आणि सोफ्यावर बसते, आणि मग तोच सोफा उघडून त्याचा पलंग होतो. ज्या पोरीकडे डबा लाथाडला तर दुसरा डबा नाही तिच्याकडे सोफा-कम-बेड कसा, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता, पण तेवढ्यात बकुळानं आतून येऊन एकच विचारलं, "लोकान्ला माजा बेंजो ऐकू येल ना?" प्रीतम म्हणाला, "बेबी, अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, पूरा सुनेगा." त्यावर तिनं माझ्याकडे जे बघितलं, अनंतराव, त्यानंतर नाही म्हणायला बाप दगडाचा हवा. मी हो म्हणालो.

शूटिंगच्या सकाळी टेम्पोतून सोफा आला आणि भर आळीत, नळाच्या बाजूला उतरवला. प्लास्टिक काढायचं नाही अशी शेठची ताकीद. सगुणानं पोरीला शिमग्यासाठी शिवलेला निळा ड्रेस घातला होता, वेणीला अबोली माळली होती. प्रीतमनं डोक्याला हात लावला. त्याला फाटका फ्रॉक हवा होता आणि गालाला माती हवी होती. सगुणा पायरी उतरून खाली आली आणि म्हणाली, "माजे पोरीचे तोंडाला माती लावाल त मी तुमच्या क्यामेऱ्याला शेन लावीन." शेणाची पाटी गोठ्याजवळच होती, ती प्रीतमला दिसत होती, म्हणून निळा ड्रेस राहिला. मग चालण्याची पाळी आली. बकुळा नळापासून सोफ्यापर्यंत चालत गेली, नेहमी जाते तशी, तरातरा. प्रीतम म्हणाला, "बेबी, इतना फास्ट नहीं. थोडा और लंगडाओ ना." तिनं विचारलं, कुठल्या पायानं? मग त्यानं स्वतः लंगडून दाखवलं, ते इतकं वाईट होतं की तिनं त्याला थांबवून बूट कसा आधी टाकायचा आणि कंबर कशी सोडायची हे शिकवलं. अर्धा तास माझी मुलगी एका धडधाकट माणसाला लंगडायला शिकवत होती आणि आळी कठड्यावर बसून बघत होती. मी माझ्या कारखान्यातून रजा टाकून हे बघायला उभा होतो, याचंच मला नवल वाटत होतं.

खरा घोटाळा चिडवण्याचा. आळीतल्या पोरांना प्रीतमनं ओळीत उभं केलं आणि म्हणाला, इसको लंगडी बोलो, जोर से. एकाही पोराचं तोंड उघडेना. जनूला तर त्यानं मुद्दाम पुढे ओढला, कारण अंगानं दांडगा, चेहऱ्यावरून गुंड वाटतो. जनू म्हणाला, मी बोलणार नाही, मला रोज ह्याच आळीतून जायचं आहे. गोळ्यांचं आमिष दाखवलं, शेठनी सोफ्यावर बसू देईन म्हणून सांगितलं, तरी पोरं गप्प. प्रीतम हताश होऊन बकुळाकडे वळला, की बेबी, तुम्हें कौन चिढाता है, उसी को बुलाओ. ती म्हणाली, "मना कोन चिडवतंय? कोनाची बिशाद हाय?" मग तिनंच तोडगा काढला. पोरांना सांगितलं, बोला रे, आज माफ आहे, पुढचं मागचं काही धरणार नाही. तेव्हा कुठे पोरांनी "लंगरी, लंगरी" असं म्हटलं, तेही एवढ्या अदबीनं, की हेडमास्तरांना गुड मॉर्निंग म्हणावं तसं. प्रीतमनं कॅमेरा बंद केला आणि कपाळावरचा घाम पुसला.

राहता राहिला रडण्याचा भाग. बकुळाला सोफ्यावर बसवली, बेंजोची वायर सुदामच्या घरातून घेतली, भोवती पोरं माना खाली घालून उभी केली, आणि बाजूला रडायला म्हणून ठमाबाईला बसवली. (ठमाबाई म्हणजे आमच्याकडची धवलारीण. लग्नात धवल्यांची गाणी म्हणते, मांडवातली कुठलीही गोष्ट तिच्याशिवाय हलत नाही.) प्रीतम म्हणाला, कुछ दुखी बजाओ. बकुळानं खरं ते सांगितलं, की मामानं शिकवलं त्यात दुखी काही नाही, हळदीत त्याचं काय काम. मग तो तिच्यासमोर गुडघे टेकून बसला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "जो तुम्हारे ऊपर गुजरी है ना बेबी, बस वही बजा दो." ती जरा विचारात पडली. मी त्या वेळी शेठसाठी सरबत आणायला घरात गेलो होतो, तेव्हा सुरुवात मी ऐकली ती स्वयंपाकघरातून. आधी एक जड आघात, मग एक हलका, मध्ये किंचित अडकल्यासारखा वेळ, परत जड, परत हलका. मी ग्लास हातात घेऊन उभाच राहिलो. ते मी तेरा-चौदा वर्षं रोज ऐकतो, पडवीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत. ती स्वतःचं चालणं वाजवत होती. सगळ्या गावाचं वाजवून झालं, पण हे तिनं कधी वाजवलं नव्हतं. आणि मग तिनं ते जलद केलं.

बाहेर येऊन बघतो तो काय. सगळी आळी लंगडत होती. पोरं लंगडत होती, जनू लंगडत होता, नळावरच्या बाया कळशा खाली ठेवून कंबरेवर हात देऊन लंगडत होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे ठमाबाई, जिला रडायला बसवली होती, ती सोफ्याभोवती डावा पाय ओढत गोल फिरत होती. माझ्या पोरीला मधे बसवून सगळं गाव तिची नक्कल करतं आहे असंच माझ्या डोळ्यांना दिसलं. माझं डोकं फिरलं. सोफ्याच्या पेटाऱ्याची एक फळी भिंतीला टेकली होती, ती उचलून मी निघालो, पहिला जनू आणि मग जो सापडेल तो. सगुणानं मागून माझा दंड धरला. म्हणाली, "आवो, तिचे तोंडाकडे त बघा. ते तिला चिडवीत नाय. तिचे संगती चालतान." मी बघितलं. पोर हसत होती, अनंतराव. हळदीच्या मांडवात तू रंगात आलास की तुझी मान जशी डुलते तशी तिची मान डुलत होती, आणि तिची बोटं एवढी भरभर चालली होती की आळीला थांबायची सोय नव्हती. प्रीतम ओरडत होता, रोओ, रोओ, कोई नाचेगा नहीं. ठमाबाई फिरता फिरताच त्याला म्हणाली, "बेंजो वाजतंय आन पाय धरून उभं ऱ्हायाचं, ही कंच्या गावची रीत?" थोड्या वेळानं प्रीतमही लंगडायला लागला, आणि सकाळी शिकवलं होतं तसं, बरोबर. मग मीही. (हे कुमुदिनीला सांगू नकोस. टीव्हीवर तिनं बघितलंच असेल, तरी सांगू नकोस.) फळी माझ्या काखेत तशीच राहिली होती.

संध्याकाळी शेठनी टेप बघितली आणि प्रीतमकडे बघत राहिले, असं सुदाम सांगत होता. आम्हाला वाटलं जाहिरात बारगळली. पण शिमग्याच्या दोन दिवस आधी निरोप आला की आज संध्याकाळी बातम्यांनंतर लागेल. आख्खी आळी सुदामच्या घरी जमली, त्याच्याकडे रंगीत टीव्ही आहे. बकुळाला सगळ्यांच्या पुढे बसवली, तिनं परत तोच निळा ड्रेस घातला होता. आणि अनंतराव, काय लागलं? काळी पाटी, तिच्यावर पांढरी अक्षरं, "जिन पर जिंदगी ने जुल्म किया". मग वायलिन. मग आमची आळी, संथ केलेली, पाण्याखाली चालल्यासारखी. जनू तोंड वासून पाय ओढतो आहे. बाया कंबर धरून वेदनेनं वाकल्या आहेत. ठमाबाईचे हात आभाळाकडे गेले आहेत, जणू देवाला विचारते आहे की माझ्याच नशिबी का. आणि उजव्या बाजूनं मी येतो, तोंड रागानं वाकडं, काखेत फळी. ती फळी कुबडीसारखी दिसते. कुबडीसारखी कसली, कुबडीच ती. शेवटी प्लास्टिकसकट सोफा, त्यावर हशमतराय शेठ हात जोडून, आणि त्यांच्याच आवाजात, "ना हिम्मत टूटे, ना सोफा टूटे." संपलं. बकुळा डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसली, तीही पाठमोरी. बेंजोचा एक सूर नाही.

सुदामनं उठून टीव्ही बंद केला. ठमाबाई म्हणाली, "मी कवा लंगरली रं?" सगळ्यांचं लक्ष बकुळाकडे होतं. ती उठली, सुदामच्या बायकोला म्हणाली काकी येते, आणि दारातून जाताना एवढंच बोलली, "सगल्यांनी बघला. ऐकला कोनी नाय." त्या पोरीला ताप आला, पाय गेला, बूट टोचून रक्त आलं, तेव्हा मी बापासारखा खंबीर राहिलो. त्या संध्याकाळी मला ते जमलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तुला सांगतो आहे कारण दुसरं कुणाला सांगणार.

पुढचं सगळं तुझ्या दूधवाल्याच्या निरोपासारखंच. दवाखान्यातल्या नर्सबाई पिशवी घेऊन आल्या आणि घरोघर गुडघ्यावर हातोडी मारून गेल्या. जनूच्या मामानं चोळायला तेल पाठवलं. खरवईला एका लग्नात ठमाबाईला धवले म्हणायला खुर्ची दिली. उभ्या जन्मात ती धवले म्हणायला खुर्चीवर बसलेली नाही, त्या अपमानानं तिचा आवाज लागेना. कारखान्यात आमच्या सुपरवायझरनं मला बाजूला घेऊन हलकं काम देऊ का विचारलं, आणि मी खरं काय ते सांगितल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, भगवंतराव, लपवू नका. मी तडक उल्हासनगरला शेठकडे गेलो. दुकानात गर्दी होती, दोन बायका सोफ्यावर हात फिरवत डोळे पुसत होत्या. मी म्हणालो, शेठ, माझ्या मुलीचा बेंजो कुठे गेला? ते खरोखर हळहळून म्हणाले, "साईं, क्या करूं. बेंजो डालो तो लोग नाचने लगते हैं. घर में बच्चे नाचने लगे मेरे." मग बेबीच्या पायासाठी एक छोटं गादीचं स्टूल देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी तसाच मागे फिरलो. राग यायला हवा होता, पण मला रस्ताभर शेठच्या घरातली नाचणारी पोरं डोळ्यांसमोर दिसत होती.

असो. तुझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो (माझ्या पायांची चौकशी करू नये, ते शाबूत आहेत), लहानांना माझ्या नावानं खाऊ दे. या जाहिरातीच्या आणि वाजवण्याच्या भानगडीला मी आता कायमचा रामराम ठोकला आहे. आमच्या घरात यापुढे बेंजो हा विषय निघणार नाही.

तुझा दाजी,
भगवंत

ता. क. – मागच्या वेळी नेलेली पितळी परात सगुणा मागते आहे. तिच्यात काही घालून पाठवलं तरी चालेल, वाल चालतील.

ता. क. २ – परातीचं मी उगाच लिहिलं, परात तुलाच ठेव. खरं काम हे आहे. चौदा एप्रिलला चामटोलीला धोंडिबाच्या मुलाची हळद आहे आणि सुपारी तुझी आहे, हे मला कळलं आहे. त्या मांडवात बकुळाला बसव. एकदाच. हळवा झालेला माणूस नाचत नाही असं तू म्हणालास, तुझं म्हणणं खोटं नाही, पण लोकांना हळवं केलं ते शेठच्या वायलिननं, आमच्या पोरीच्या बेंजोनं नाही. तिचा बेंजो ऐकून मी नाचलो, अनंतराव. मी माझ्या स्वतःच्या हळदीत नाचलो नव्हतो, तू मला दोन्ही हातांनी ओढत होतास, तुला आठवत असेल. तुला राव म्हटलं ते यासाठीच. पाहिजे तर पुढच्या पत्रात श्रीमंत लिहीन. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, नाही म्हणालास तर तिला पुन्हा लागायला नको.

ता. क. ३ – मामा, हे अक्षर माझं आहे. पाकिटाला डिंक लावायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. चौदा एप्रिलला मला जमणार नाही. त्या दिवशी जयंतीला सुदामकाकांच्या पार्टीत बेंजोवर मी आहे. बाबांना अजून माहीत नाही, तुम्ही सांगू नका. सुदामकाकांनी पायाचं काहीच विचारलं नाही, स्टेजच्या पायऱ्या कुठल्या बाजूला लावू एवढंच विचारलं. मी डावीकडे सांगितलं. तुमची हळद जेवणं आटोपल्यावर उभी राहते, आमचा कार्यक्रम दिवे लागले की सुरू होतो. त्याआधी येऊन आमच्याकडे ऐका. धोंडिबाकाकांनंतरच्या हळदीचं काय ते मग बोलू.

तुमची भाची,
बकुळा